बाळाशी खुळ्यासारखं बोललं, खेळलं तर त्याचं काही बिघडतं का?

एका नव्या बाबांनी बराच मोठा प्रश्न विचारला आहे. तो आधी थोडक्यात मांडते.

बाळ पाच महिन्यांचं, मुलगा. जन्म शरद संपतासंपता झाला, त्यामुळे त्याचे पहिले महिने बंद खिडक्या, जाड पांघरुणं आणि लवकर पडणारा अंधार यांतच गेले. आता दिवस मोठे व्हायला लागलेत, फांद्यांना पालवी फुटतेय, आणि हे बाबा रोज सकाळी त्याला कडेवर घेऊन बाहेर पडतात. वाटेतल्या प्रत्येक झाडाला त्यांनी नाव ठेवलंय. पाखरांशी ते वेगळ्याच आवाजात गप्पा मारतात आणि पाखरांच्या वतीने उत्तरंही स्वतःच देतात. लंगोट बदलायचं एक गाणं आहे, त्याचे शब्द रोज नवे. बाळाची टोपणनावं डझनभर. त्याला वर धरून विमान करायचं, कोवळं पान गालावरून फिरवायचं, हेही चालू असतं. घरातली मोठी माणसं म्हणतात की अशाने पोर बोबडं बोलेल, बाहेरच्या हवेने शिंकतंय ते बघा, आणि कडेवरची सवय लागली की मग बसा बोंबलत. बाबांची स्वतःची रुखरुख वेगळी आहे. यातलं बाळाला काहीच आठवणार नाही, पुढच्या वसंतात तो चालत असेल, मग हे सगळं फोनवर टिपून ठेवावं का, अशा विचारात रात्री जागत बसतात. आणि शेवटी विचारतात, माझं डोकं ठिकाणावर आहे ना?

आहे. मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि पहिल्या दोन वर्षांतली वाढ, त्यातही आईबाप आणि बाळ यांच्यातला संवाद, हे माझं रोजचं काम. हा प्रश्न पालक बहुतेक वेळा लसीचं, वजनाचं सगळं बोलून झाल्यावर, निघतानिघता आवाज खाली आणून विचारतात. घरी आपण काय काय चाळे करतो हे डॉक्टरला सांगायची लाज वाटते. मला मात्र त्या चाळ्यांवरून वजनाच्या काट्याइतकीच माहिती मिळते.

प्रश्न 'किती खुळेपणा चालेल' असा विचारलाय, पण तपासताना मी प्रमाण बघतच नाही. मी बघते ते एवढंच की या खेळात बाळाला उत्तर द्यायला जागा आहे का. दिवसभर गाणी म्हणणारा बाप आणि दिवसातून दहा मिनिटं बोलणारा बाप, दोघांकडेही ती जागा असू शकते किंवा नसू शकते. खाली जे लिहिते आहे ते सगळं याच एका मुद्द्याभोवती फिरतं.

काही गोष्टी मात्र बाळागणिक बदलतात, त्या आधीच सांगते. बाळ वेळेआधी जन्मलं असेल तर खेळासाठी त्याचं वय अपेक्षित तारखेपासून मोजा. दोन महिने आधी आलेलं पाच महिन्यांचं बाळ खेळाच्या बाबतीत तीन महिन्यांचंच धरायचं. काही बाळं मुळातच नाजूक प्रकृतीची असतात, मोठा आवाज, झगझगीत उजेड त्यांना लवकर नको होतो; काहींना दंगा जितका जास्त तितका हवा असतो. आणि एकच बाळ झोप झाल्यावर वेगळं असतं, झोपेला आल्यावर वेगळं. त्यामुळे 'रोज इतकी मिनिटं खेळा' असा आकडा माझ्याकडे मागू नका.

आता बोबडेपणाची भीती. ही भीती चुकीची आहे, आणि याबद्दल मी ठामपणे बोलू शकते, कारण यावर चाळीसएक वर्षं अभ्यास झालेला आहे. अ‍ॅन फर्नाल्ड यांनी १९८५ मध्ये चार महिन्यांच्या बाळांना दोन प्रकारचं बोलणं ऐकवलं, एक मोठ्यांशी बोलतानाचं आणि एक बाळाशी लाडात बोलतानाचं. कोणतं ऐकायचं ते बाळ मान वळवून निवडत असे. बाळांनी लाडाचं बोलणं जास्त वेळा निवडलं. २०२० मध्ये वेगवेगळ्या खंडांतल्या ६७ प्रयोगशाळांनी मिळून २,३२९ बाळांवर असाच प्रयोग केला, तेव्हाही कल तोच दिसला. बाळाला आधी आवाजाचे चढउतार कळतात, शब्द मागाहून येतात. उंच, सावकाश, हेलकावे घेणारा आवाज म्हणजे 'हे तुझ्यासाठी आहे' अशी खूण. आणि हे फक्त आया करतात असं नाही. फर्नाल्ड यांनीच पुढे फ्रेंच, इटालियन, जर्मन, जपानी आणि इंग्रजी बोलणाऱ्या घरांत आईवडील दोघांची बोलणी तपासली, तर बापांचाही आवाज बाळासमोर वर चढलेला होता.

मग बोबडेपणा कुठून येईल? उलट लाडात बोलताना आपले स्वर जास्त ताणलेले, जास्त सुटे असतात. पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अमेरिका, रशिया आणि स्वीडनमधल्या आयांचं बोलणं मोजलं. बाळाशी बोलताना 'आ', 'ई', 'ऊ' हे स्वर एकमेकांपासून जास्त लांब गेलेले दिसले. म्हणजे बाळाला भाषेचे आवाज अधिक ठळक ऐकू येतात. भूभू, माऊ, चिऊ या शब्दांचीही कुणाला लाज वाटू नये. एडिंबरामध्ये २०१८ च्या एका अभ्यासात नऊ महिन्यांपासून एकवीस महिन्यांपर्यंतच्या मुलांकडे पाहिलं, तेव्हा ज्यांच्या कानावर असे जोडीचे आणि लाडाचे शब्द जास्त पडत होते त्यांचा शब्दसंग्रह जास्त वेगाने वाढला होता. एकच अक्षर दोनदा आलं की बाळाला ते बोलण्याच्या ओघातून उचलायला सोपं जातं.

इथे एक बारीक फरक मी पालकांना करायला सांगते. आवाज वेडावाकडा चालतो, वाक्य शक्यतो सरळ असावं. 'अले, माज्या शोन्याला पाकलू दिशलं' हे अधूनमधून म्हटलं तर काही होत नाही, तुम्हालाच मजा येते. पण मूल बोलायला लागल्यावर त्याचे चुकलेले उच्चार त्यालाच परत ऐकवत राहण्यापेक्षा सूर लाडाचा ठेवून शब्द नीट म्हणा. 'अरे वा, पाखरू दिसलं! दोन पाखरं!' यात लाडही राहतो आणि भाषाही. पाच महिन्यांना मात्र याचीही चिंता करायचं कारण नाही.

टोपणनावांचं म्हणाल तर ठेवा हवी तेवढी. साधारण साडेचार महिन्यांना बाळं स्वतःच्या नावाचा आवाज इतर नावांपासून वेगळा ओळखू लागतात, हे १९९५ पासून माहीत आहे. त्यासाठी एक नाव सातत्याने कानावर पडत असलं की पुरे. खरं नाव दिवसातून अनेकदा, तोंडाकडे बघून घ्या. बाकीची अकरा तुमच्या हौसेची.

आता ज्या गोष्टीवर मला सगळ्यात जास्त बोलायचंय तिथे येते. प्रश्नातलं एक वाक्य वाचून मी थबकले: पाखरांची उत्तरंही बाबाच देतात. गंमत म्हणून छानच आहे, पण मग बाळ कधी बोलणार?

पाच महिन्यांचं बाळ संवादात भाग घेतं आणि तो भाग दिसतो. तुम्ही काही बोलता, त्याचे पाय थांबतात, डोळे मोठे होतात, ओठ हलतात, थोड्या वेळाने एखादा 'आऽग्गू' बाहेर पडतो. मधला तो 'थोडा वेळ' मोठ्यांना फार लांब वाटतो. मनात सावकाश पाचापर्यंत मोजा, इतका. बहुतेक उत्साही आईबाप दोनाला पुढचं वाक्य सुरू करतात आणि बाळाचं उत्तर त्याखाली दबून जातं. तपासताना मी पालकांना फक्त एवढंच करायला लावते. एक वाक्य बोला, मग भुवया वर करून थांबा, आणि बाळाने काहीही केलं, आवाज, जांभई, पाय झाडणं, तरी ते उत्तर समजून पुढे बोला. 'हो? असं म्हणाला तो?' आठ-साडेनऊ महिन्यांच्या बाळांवरच्या प्रयोगांत दिसलंय की त्यांच्या आवाजाला लगेच प्रतिसाद मिळाला की त्यांचं बडबडणं जास्त पक्व होतं. तोच प्रतिसाद भलत्या वेळी मिळाला तर तसं होत नाही. तेव्हा किती बोललात यापेक्षा कधी बोललात ते महत्त्वाचं.

उलट बाजूही ठाऊक हवी. एडवर्ड ट्रॉनिक यांचा १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग पुष्कळांनी पाहिला असेल. आई बाळाशी नेहमीसारखी खेळते आणि मग काही वेळ चेहरा अगदी कोरा ठेवते. बाळ आधी हसून, हात हलवून, आवाज काढून तिला परत बोलावायचा प्रयत्न करतं आणि मग तोंड फिरवून खट्टू होतं. हा प्रयोग ऐकून पालक घाबरतात आणि चोवीस तास हसरं तोंड ठेवायला जातात. त्याची काही गरज नाही. ट्रॉनिक यांच्याच पुढच्या कामातून दिसलं की आई-बाळाच्या चांगल्या जमलेल्या जोड्यासुद्धा बराचसा वेळ एकमेकांशी जुळलेल्या नसतात. सूर सुटतो, परत लागतो, आणि तो परत लागण्यातच बाळ शिकतं. तुम्ही दमलात, गप्प बसलात, तर त्यात बाळाचं नुकसान नाही.

आणि बाळ जेव्हा मान फिरवतं तेव्हा? हे नीट बघा, कारण खेळकर बापांचं इथेच चुकतं. बाळ हसत असतं, मग नजर बाजूला नेतं. बापाला वाटतं कंटाळलं, म्हणून तो आवाज आणखी चढवतो, तोंड त्याच्या नजरेसमोर नेतो, पान नाकासमोर हलवतो. बाळाला तेव्हा फक्त दम खायचा असतो. नजर काढून घेणं हे त्या वयात त्याच्या हातातलं एकमेव बटण आहे, ते दाबल्यावर खेळ थांबला पाहिजे. थांबलात तर बहुतेक वेळा ते स्वतःच परत बघतं, आणि तेव्हाचं हसू आधीपेक्षा मोठं असतं. थांबला नाहीत तर पाठ ताठ होते, बोटं फाकतात, उचक्या लागतात आणि शेवटी रडू. 'इतका वेळ हसत होता आणि एकदम रडायला लागला' हे मी सतत ऐकते. एकदम काही झालेलं नसतं. गुदगुल्यांबद्दल तर मी सरळच सांगते, कमी करा. गुदगुल्यांनी येणारं हसू आपोआप येतं, नको असतानाही येतं, आणि बाळाला 'पुरे' म्हणता येत नाही.

विमानाचं काय? पाच महिन्यांना बहुतेक बाळांची मान सावरलेली असते, पण ती बघूनच सुरुवात करा. छातीच्या दोन्ही बाजूंनी पक्कं धरा, बाळ हातातून सुटू देऊ नका, हालचाल सावकाश ठेवा, दूध पिऊन झाल्यावर लगेच नको. हवेत उडवून झेलणं मी कोणत्याच वयात सुचवत नाही. त्यात बाळाला मिळतं त्याहून जास्त बघणाऱ्यांना मिळतं, आणि एकदा हात चुकला की संपलं. रागाने किंवा वैतागाने बाळाला गदागदा हलवणं हे मेंदूत रक्तस्राव होण्याइतकं घातक असतं. रडणं सहन होईनासं झालं तर त्याला सुरक्षित जागी पाठीवर ठेवून दोन मिनिटं खोलीबाहेर जा, बाळाला त्याने काही होत नाही. तालावर हळूच नाचवणं मात्र भरपूर करा. २००५ मध्ये सात महिन्यांच्या बाळांना एकच ताल ऐकवत काहींना दर दुसऱ्या, काहींना दर तिसऱ्या ठोक्याला हलवलं, आणि नंतर प्रत्येकाने आपल्या अंगाला जाणवलेला तालच ऐकायला पसंत केला. म्हणजे ताल फक्त कानाने कळत नाही. लंगोटाचं गाणं म्हणताना पायांवर ठेका धरा, एवढाच याचा घरगुती उपयोग.

आतापर्यंतचं सांगायचं तर सूर, गाणी, नावं, विमान सगळं चालू द्या. फक्त दर वाक्यानंतर थांबा आणि बाळाने नजर वळवली की खेळही थांबवा.

आता वसंत आणि बाहेर जाणं. मला या प्रश्नातला हा भाग फार आवडला, कारण वेळ अगदी नेमकी आहे. जन्मल्यावर बाळाला वीस ते तीस सेंटिमीटरवरचं त्यातल्या त्यात बरं दिसतं, म्हणजे कुशीतून आपला चेहरा. रंग पुसट, पलीकडचं सगळं धूसर. पाच महिन्यांपर्यंत रंग नीट कळू लागतात, नजर बरीच लांब पोचते, आणि साधारण साडेतीन ते पाच महिन्यांच्या दरम्यान दोन्ही डोळ्यांची चित्रं जुळून खोली कळायला लागते. फांदी जवळ आहे आणि आकाश तिच्या मागे आहे, ही गोष्ट या बाळाला आत्ता आत्ता दिसू लागली आहे. म्हणून ते हलत्या पालवीकडे टक लावून बसतं. त्या वेळी झाडाचं नाव, रंग, पाखरू असं काही बोलायची घाई करू नका. बाळ कुठे बघतंय ते आधी बघा आणि मग त्याच गोष्टीबद्दल बोला. आपल्याला हवं ते दाखवण्यापेक्षा मूल ज्याकडे बघतंय त्याचं नाव घेतलं तर ते जास्त पकडतं, हे पुढे बोलायच्या वयात अभ्यासांतूनही दिसतं. सवय आत्तापासून लावायला हरकत नाही.

पान गालावरून फिरवण्याऐवजी मी वेगळं सुचवेन. पान फांदीवरच राहू द्या आणि बाळाला जवळ न्या, हात त्याचा त्याला पुढे करू द्या. तोडलेल्या पानाचा चीक काहींच्या त्वचेला चुरचुरतो, आणि या वयात हातात आलेली प्रत्येक वस्तू तोंडात जाते. पानाचा तुकडा घशात अडकू शकतो आणि काही शोभेची झाडं विषारी असतात. ओळखीचं नसलेलं झाड बघायचं, हातात द्यायचं नाही. आणखी तीन-चार महिन्यांनी एक गंमत दिसेल. २०१४ मध्ये अ‍ॅनी वर्ट्झ आणि कॅरन विन यांनी आठ ते अठरा महिन्यांच्या बाळांसमोर झाडं आणि इतर वस्तू ठेवल्या, तेव्हा झाडांना हात लावायला बाळांनी जास्त वेळ घेतला. त्यामुळे हेच बाळ पुढे गवतावर ठेवल्यावर पाय वर उचलून धरेल, पानाला हात लावता लावता मागे घेईल. भित्रं म्हणून हसू नका आणि हात धरून लावायला भागही पाडू नका. तुम्ही निवांत बसून तेच गवत चाळा, बाळ तुमच्याकडे बघून ठरवेल.

ऊन. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला थेट उन्हात ठेवायचं नाही आणि त्या वयात सनस्क्रीनवरही भिस्त ठेवायची नाही. सावली, रुंद कडांची टोपी, सैल, पूर्ण बाह्यांचे पातळ कपडे हाच उपाय. घड्याळ बघायचं नसेल तर आपली सावली बघा. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ऊन कडक आहे, घरात चला किंवा दाट सावलीत बसा. बाबागाडीवर कापड पांघरण्याची एक घातक सवय आहे. आतली हवा कोंडते आणि पटकन तापते. झोळीसारख्या कॅरिअरमध्ये घेत असाल तर बाळाचा चेहरा कायम दिसला पाहिजे, हनुवटी छातीवर टेकलेली नको, आणि तुमच्या अंगाची ऊब हिशेबात धरून कपड्यांचा एक थर कमी ठेवा. बाळाला गरम होतंय की थंडी वाजतेय हे हातापायांवरून ओळखू नका, ते बऱ्याचदा गारच असतात. मानेमागे बोटं घालून बघा. तिथे घाम असेल तर कपडे उतरवा. आणि उन्हातून ड जीवनसत्त्व मिळेल या हिशेबाने डॉक्टरांनी दिलेले थेंब बंद करू नका. पहिल्या वर्षात रोजचे ४०० युनिट थेंबांतून देणंच भरवशाचं.

शिंकांमुळे इतकं घाबरू नका. बाळाच्या नाकाची वाट अरुंद असते, धूळ, सुकलेला शेंबूड, कोरडी हवा काहीही पुरतं. काही घरांत तर एकदम लख्ख उजेडात आलं की शिंक येण्याचा गुणच असतो, तो पिढ्यान्‌पिढ्या चालतो. बाबांनी स्वतः सकाळी दाराबाहेर पाऊल टाकताना शिंकतो का ते आठवून बघावं. फुलांच्या परागकणांची अ‍ॅलर्जी व्हायला शरीराला ते परागकण ऋतूमागून ऋतू भेटावे लागतात, त्यामुळे पहिल्या वर्षात ती क्वचितच दिसते. शिंकून झाल्यावर बाळ दूध पितंय, हसतंय, तर प्रश्न नाही. ताप, दूध नाकारणं, श्वासाला बरगड्या आत ओढल्या जाणं, किंवा शांत असतानाही मिनिटाला ५० वा त्याहून जास्त श्वास, यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी दाखवा.

बाहेरच्या उजेडाचा एक फायदा पालकांच्या लक्षात येत नाही. दिवसरात्रीचं अंगातलं घड्याळ बाळाला जन्मतः मिळत नाही, ते साधारण तीन महिन्यांच्या सुमाराला बसतं आणि उजेड त्याला मदत करतो. २००४ च्या एका अभ्यासात सहा ते बारा आठवड्यांची जी बाळं रात्री बरी झोपत होती त्यांना दुपारच्या सुरुवातीला जास्त उजेड मिळालेला आढळला. तेव्हा दिवसाचं बाहेर पडणं चालूच ठेवा. तोटाही आहे. विषुवदिनाच्या आसपास दिवस सगळ्यात वेगाने मोठे होत असतात, आणि परवापर्यंत सातला उठणारं बाळ अचानक पहाटेच डोळे टक्क उघडतं. घरातले म्हणतात दात येतायत. आधी जाड पडदा लावून बघा आणि संध्याकाळी शेवटचा तासभर दिवे मंद ठेवा.

कडेवरच्या सवयीबद्दल फार लिहीत नाही. पहिल्या महिन्यांत जास्त उचलून घेतल्याने बाळ बिघडतं याला काही आधार नाही. मॉन्ट्रिअलमध्ये १९८६ मध्ये ज्या बाळांना ठरवून जास्त वेळ उचलून घेतलं त्यांचं रडणं सहा आठवड्यांच्या वयात ४३ टक्क्यांनी कमी निघालं. पण बाळाला अंग हलवायलाही वेळ हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार जे बाळ अजून सरकत नाही त्याला जागेपणी दिवसभरात मिळून निदान अर्धा तास पालथं ठेवावं, आणि एका वेळी तासाहून जास्त गाडीत किंवा कॅरिअरमध्ये बांधून ठेवू नये. मग अर्धी सकाळ कडेवर, अर्धी झाडाखाली चादर अंथरून पालथं, आणि तुम्हीही समोर पालथे. शेजारी बघतील. बघू दे.

आता रात्रीचे विचार. बाळाला हा वसंत आठवणार नाही, हे खरंच आहे. या वयातल्या प्रसंगांची आठवण मोठेपणी कुणालाच राहत नाही. पण आठवण राहत नाही म्हणजे काही उरत नाही असं नव्हे. कॅरोलिन रोव्ही-कॉलियर यांनी बाळाच्या पायाला फीत बांधून ती वर टांगलेल्या खेळण्याला जोडली. पाय झाडला की खेळणं हलायचं. तीन महिन्यांच्या बाळांना ही युक्ती जवळपास आठवडाभर लक्षात राहिली, सहा महिन्यांच्या बाळांना दोन आठवडे. विसरल्यावर नुसतं हलतं खेळणं पुन्हा दाखवलं तरी ती परत जागी व्हायची. तुमचं रोज तेच गाणं, तीच वाट, तोच आवाज म्हणजे अशी रोजची उजळणी. त्यातून बाळाच्या ध्यानात राहतं ते झाडाचं नाव नाही, तर 'मी आवाज काढला की कुणीतरी वळून बघतं' हे. प्रसंग विसरला तरी ही अपेक्षा टिकते, आणि पुढचं पुष्कळ त्यावर उभं राहतं.

आणि बाबा, तुम्ही इतके हळवे कशाने झालात याचं शारीरिक उत्तरही आहे. २०११ मध्ये फिलिपिन्समधल्या ६२४ पुरुषांच्या अभ्यासात बाप झाल्यावर टेस्टोस्टेरॉन खाली येतं असं दिसलं, आणि जे रोज तीन तास किंवा जास्त मुलाचं करत होते त्यांच्यात ते आणखी कमी होतं. आईच्या मेंदूतले बदल तर बाळंतपणानंतर निदान दोन वर्षं टिकलेले मोजले गेलेत. पालवी बघून डोळे भरून येणं यात काही आजार नाही.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येक हळव्या पालकाला विचारते, ती तुम्हालाही विचारते. हे विचार आले तरी त्यानंतर झोप लागते का? सकाळी बाळाला घ्यायची ओढ वाटते का? ऋतू बदलला की सगळ्यांचंच मन फुलतं असं नाही. बाहेर सगळं बहरलेलं असताना आत काहीच न वाटणं जास्त बोचतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास वाटणं, कशातच रस नसणं, बाळ झोपलेलं असतानाही झोप न येणं, आपण नसलेलंच बरं असं वाटणं, यांपैकी काही असेल तर ते हळवेपण नव्हे, ते डॉक्टरला सांगायचं. शेवटचं असेल तर त्याच दिवशी. बाळंतपणानंतरचं नैराश्य आयांइतकंच नाही तरी साधारण दहातल्या एका बापालाही गाठतं. एडिंबराची दहा प्रश्नांची एक प्रश्नावली १९८७ पासून वापरात आहे, भरायला पाच मिनिटं लागतात. तुम्ही दोघांनी वेगवेगळी भरा. तुमच्या पत्रात बाळाच्या आईबद्दल फक्त 'ती हसते' एवढंच आलंय, म्हणून मुद्दाम लिहिते: सकाळी तुम्ही बाहेर असता तो तास तिला पूर्ण झोपायला मिळतो की त्या वेळात ती घर आवरते, एवढं एकदा बघा.

पुढच्या काही महिन्यांत खेळ बदलेल. सहा-सात महिन्यांपासून बुवा-कुक रंगायला लागेल, कारण तोंड झाकलं तरी माणूस पदराआडच आहे, परत येणार आहे, हे हळूहळू पक्कं होतं. त्यात दरवेळी एकाच लयीत झाका-उघडा, आणि बाळाला नेम जमला की एखाद्या वेळी जरा उशीर करा. मजा त्या उशिरात असते. नऊ-दहा महिन्यांना ते स्वतः कापड तोंडावर ओढून तुम्हाला फसवेल. बाळ सहा महिन्यांपर्यंत आवाजाकडे वळत नसेल, हसत नसेल, डोळ्यांत बघत नसेल किंवा नऊ महिन्यांपर्यंत बडबड सुरू झाली नसेल, तर 'आमच्याकडे सगळे उशिराच बोलतात' यावर थांबू नका, कान आणि वाढ दोन्ही तपासून घ्या.

राहिला फोन. रोजचं टिपू नका, कारण फोन धरला की तुमचा चेहरा त्याच्यामागे जातो आणि बाळ ज्याच्याशी बोलत होतं तोच नाहीसा होतो. कधीतरी फोन कशाला तरी टेकवून ठेवा आणि विसरून जा. असे दोन छोटे तुकडे पुढच्या तपासणीला घेऊन जा, एकात तुम्ही बोलताय आणि बाळ उत्तर देतंय, दुसऱ्यात ते पालथं खेळतंय, दोन्हींवर तारीख घालून. दवाखान्यात बाळं एकतर गप्प होतात नाहीतर रडतात, त्यापेक्षा घरच्या दीड मिनिटात डॉक्टरला बरंच जास्त दिसतं.